गोदामातला ढीग आणि गेटवरची वही



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, रात्री, उसन्या पुस्तकांवर झाले. असा माणूस पेशींविषयी बोलायला उभा राहतो याचे आपणांस नवल वाटत असेल. मलाही वाटते. पण आजचा विषय मोजदादीचा आहे, आणि मोजदादीत आमची हयात गेली.

आपल्या शरीरातली पेशी स्वतःचाच मोडका माल खाते. बिघडलेली प्रथिने ती दुपदरी पिशवीत गुंडाळते, पाचकरसांच्या कोठीत नेऊन विरघळवते आणि निघालेला कच्चा माल पुन्हा कामाला लावते. उपासमारीत हे काम वाढते. १९६३ साली बेल्जियमचे क्रिस्तियन द दुव्ह यांनी त्याला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. ते चालते कसे, हे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी साध्या यीस्टवर उलगडले आणि २०१६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या पिशव्या मोजायच्या कशा? एलसी-३ नावाचे एक प्रथिन एरवी पेशीत मोकळे हिंडत असते. पिशवी तयार होऊ लागली की त्याला स्निग्धाचा एक रेणू चिकटतो आणि ते पिशवीच्या भिंतीला जाऊन बसते. काबेया, योशिमोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे दाखवले. मोकळ्याला ‘एक’ म्हणतात, चिकटलेल्याला ‘दोन’.

ते ओळखायला प्रतिपिंड लागतो. सशाला त्या प्रथिनाचा तुकडा टोचला की त्याचे शरीर नेमका तोच तुकडा पकडणारे प्रतिपिंड बनवते. पेशींचा अर्क विजेच्या प्रवाहाने जेलमधून ओढून प्रथिने आकाराप्रमाणे वेगळी करतात, पातळ पटलावर उतरवतात आणि त्यावर हा प्रतिपिंड सोडतात. मग दोन पट्टे दिसतात. गंमत अशी की स्निग्धामुळे वजन वाढलेला ‘दोन’ खाली, म्हणजे हलक्या मालाच्या जागी उतरतो. तो जेलमधून लवकर सरकतो. मी हे तीनदा वाचले तेव्हा पटले.

खरी मेख पुढेच आहे. ‘दोन’चा पट्टा जाड झाला, तर स्वभक्षण वाढले असे म्हणावे काय?

एका यंत्रमाग कारखान्यात मी हीच चूक केली होती. गोदामात ताग्यांचा ढीग छताला लागलेला पाहिला आणि गेटसभेत ठणकावून सांगितले, उत्पादन वाढले आहे, बोनस वाढवून घ्या! बोलणी सुरू झाल्यावर गेटवरची वही समोर आली. लॉऱ्या तीन आठवडे सुटल्याच नव्हत्या. माग नेहमीइतकेच चालत होते. कामगारांसमोर मान खाली घालावी लागली.

पेशीतही तसेच. पिशव्या जास्त बनल्या तरी ढीग वाढतो, आणि कोठीत रिकाम्या होणे थांबले तरी वाढतो. म्हणून जाणते संशोधक बॅफिलोमायसिन नावाचे औषध देऊन कोठीचे काम मुद्दाम बंद पाडतात. औषधाशिवाय आणि औषधासह, असे दोन्ही पट्टे शेजारी ठेवतात. औषधाने ढीग आणखी वाढला, तर माल वाहत होता. काहीच फरक पडला नाही, तर वाट आधीच तुंबलेली असण्याचा संभव मोठा. जोडीला पी-६२ हे दुसरे प्रथिन पाहतात. ते पिशवीतल्या मालाबरोबर स्वतःही पचते, म्हणून वाट तुंबली की तेही साचते.

प्रतिपिंडाचीही झडती घ्यावी लागते. ज्या पेशींतून एलसी-३चे जनुकच काढून टाकले आहे, त्यांत पट्टा दिसला तर तो प्रतिपिंड भलतेच काही पकडतो आहे. शिवाय पुष्कळसे प्रतिपिंड ‘एक’पेक्षा ‘दोन’ला अधिक घट्ट धरतात. तेव्हा ‘एक’ आणि ‘दोन’ यांची आपसांत तुलना न करता, ‘दोन’ची तुलना ॲक्टिनसारख्या, सहसा फारशा न बदलणाऱ्या प्रथिनाशी करतात.