अक्कलदाढ काढल्यावर प्रतिजैविक कोणाला?

अक्कलदाढ साधारणपणे सतरा ते पंचवीस या वयात येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी वळते, हाडात अडकते आणि हिरडी कापून काढावी लागते. अशा शस्त्रक्रियेनंतर, बुलढाण्यात काय किंवा मुंबईत काय, वेदनाशामकाबरोबर काही दिवसांचे प्रतिजैविक, बहुधा अमॉक्सिसिलिन, दिले जाते. तोंडात एवढे जिवाणू, त्यात उघडी जखम. मग औषध हवेच, असे आपल्याला वाटते.

त्याची गरज किती, हे मोजता येते. कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली दात काढण्याच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या. बहुतेक रुग्ण निरोगी, अडकलेली अक्कलदाढ काढलेले होते. प्रतिजैविकाने जंतुसंसर्गाचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. आकडा मोठा वाटतो. पण हिशेब फळ्यावर मांडून पाहा. १९ जणांना औषध द्यावे तेव्हा एकाचा संसर्ग टळतो. म्हणजे ३८ जणांत औषधाविना साधारण तिघांना संसर्ग झाला असता, औषधाने एकालाच होतो. दोघे वाचले. उरलेल्या ३५ जणांना तो होणारच नव्हता! (या चाचण्यांचा पुरावा फारसा भक्कम नाही, असेही तपासणाऱ्यांनी नोंदवले आहे.)

गोळ्या मात्र ३८ जणांनी खाल्ल्या, आणि औषध केवळ दाढेच्या खड्ड्यात जात नाही. अमॉक्सिसिलिन जिवाणूंना पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. आतड्यातल्या असंख्य जिवाणूंपैकी काहींजवळ हे औषध तोडणारे विकर असते. बाकीचे मेले की त्यांना मोकळे रान मिळते. विकराचे जनुक ते शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. पुढे त्याच माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर तेच औषध लागू न पडण्याची शक्यता वाढते. शिवाय जुलाब, पुरळ आणि क्वचित जीवघेणी ॲलर्जी आहेच.

म्हणून माझ्या मते निरोगी तरुणाला सरसकट प्रतिजैविक देणे योग्य नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, मधुमेह आटोक्यात नाही किंवा हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी ते दंतवैद्याला आधीच सांगावे. दाढ काढल्यावर ताप आला, सूज वाढत गेली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एक घोटाळा नेहमी होतो. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास खड्ड्यात असह्य ठणका लागतो आणि रुग्ण मेडिकलवरून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा प्रतिजैविक आणतो. बऱ्याचदा तिथे रक्ताची गुठळी निसटून हाड उघडे पडलेले असते. ते प्रतिजैविकाने झाकले जात नाही. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतो. गुठळी टिकावी म्हणून पहिले काही दिवस बिडी-सिगारेट बंद ठेवावी आणि पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये.