एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं

पंचमीच्या फेरात आपण कशा गातो ते आठवा. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात. पुढचीला दम लागला तरी गाणं तुटत नाही, मागच्या सांभाळून घेतात.

1960 च्या आसपास अमेरिकेत तीन-तीन, चार-चार पोरींचे असेच गाणारे गट निघाले. बहुतेक काळ्या, साध्या घरच्या. काही तर शाळकरी. एकीचा आवाज पुढे, बाकीच्या मागून तिला उत्तर देणार. 'रोनेट्स' गटात दोन सख्ख्या बहिणी आणि एक जवळच्या नात्यातली. घरातले आवाज एकमेकांत लवकर मिसळतात. आपल्याकडे 'मदर इंडिया'त (1957) लता, मीना आणि उषा या तिघी मंगेशकर बहिणी एका गाण्यात सोबत गायल्या आहेत, ते ऐकलं की कळतं.

मग त्या तिघींचा आवाज तीस जणींसारखा का वाटायचा? लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत एक युक्ती होती. गाण्याचा आवाज एका रिकाम्या सिमेंटच्या खोलीत कर्ण्यातून सोडायचा आणि तिथंच ठेवलेल्या माइकनं तो घुमलेला परत घ्यायचा. रिकाम्या पाण्याच्या टाकीत हाक मारून बघा, तसंच. वर एकाच खोलीत दाटीवाटीनं बसवलेले वाजवणारे. आवाज भिंतीसारखा अंगावर यायचा.

पण त्या भिंतीआड बाई हरवायची. 1962 मध्ये 'ही इज अ रिबेल' हे गाणं तिथं पहिल्या नंबरवर गेलं. तबकडीवर नाव 'क्रिस्टल्स' गटाचं. गायलेली मात्र डार्लीन लव्ह आणि तिच्या सोबतिणी, म्हणजे दुसराच गट! कुणाचा गळा, कुणाचं नाव.

आपल्या महाराष्ट्रात याच्या अगदी उलट काम झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सोबत्यांसह गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. 2017 पासून 'पारी' संस्था त्या लोकांपुढे आणते आहे, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही देते.

आता आपलं बघू. गटात हल्ली मोबाइलवर गाणी भरतात, ती इकडून तिकडे जातात, आणि महिन्याभरात कुणाला ठाऊक नसतं की म्हातारी कोण गात होती. म्हणून गाण्याआधी नाव, गाव आणि गाणं कुणाकडून शिकलात ते मोठ्यानं बोला. मोबाइल घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, हातात नको, खरखर येते. पंखा बंद. सांगणारी बाई हातभर अंतरावर, झेलणाऱ्या दोन-तीन पावलं मागं, अर्धगोल करून. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत बसू नका. घुमतं छान, पण शब्द विरतात, आणि ओवीत शब्दच तर ऐकायचे असतात. पडवी बरी.

भरलेलं गाणं आधी गाणारीला ऐकवा. तिनं हो म्हटलं तरच पुढं पाठवा.