१७८ यार्ड आणि राहून गेलेला रविवार

१ जानेवारी २०१७. वर्षाचा पहिला दिवस आणि वार रविवार. फिलाडेल्फियातल्या लिंकन फायनान्शियल फील्डवर डॅलस काउबॉइज आणि फिलाडेल्फिया ईगल्स यांचा साखळीतला शेवटचा सामना होता. काउबॉइजचा एझिकिएल एलियट एकवीस वर्षांचा होता, त्याच्या जर्सीचा नंबरही एकवीस. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, हा त्याचा पहिलाच हंगाम. पंधरा सामन्यांत चेंडू घेऊन तो १,६३१ यार्ड धावला होता. आणखी १७८ यार्ड मिळाले असते, तर पदार्पणाच्या हंगामातला तेहतीस वर्षं अबाधित राहिलेला विक्रम मोडला असता.

एलियट त्या दिवशी मैदानात उतरलाच नाही.

त्याला दुखापत झालेली नव्हती. काउबॉइजने आधीच्या पंधरापैकी तेरा सामने जिंकून आपल्या गटातलं अव्वल स्थान पक्कं केलं होतं. त्यामुळे या सामन्यात हरले काय नि जिंकले काय, फरक पडणार नव्हता. बाद फेरी दोन आठवड्यांवर होती आणि हुकमी खेळाडूचे पाय तिच्यासाठी राखून ठेवणं प्रशिक्षक जेसन गॅरेट यांना जास्त मोलाचं वाटलं. २००४ मध्ये मुलतान कसोटीत सचिन १९४ वर नाबाद असताना राहुल द्रविडने डाव घोषित केला आणि आपल्याकडे घराघरांत वाद पेटले. डॅलसमधल्या चाहत्यांना तो प्रसंग ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांच्यापुढचा प्रश्न त्याच जातीचा होता.

हा विक्रम नेमका कशाचा, हे कळायला खेळाची थोडी ओळख हवी. अमेरिकन फुटबॉल हा नावाला फुटबॉल. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. मैदानाची लांबी १०० यार्ड आणि दोन्ही टोकांना गोलपट्टे. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाला चार संधी मिळतात आणि तेवढ्यात किमान दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकावं लागतं. सरकले तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. पुढे सरकायचे मार्ग दोन: चेंडू हवेतून फेकायचा किंवा छातीशी धरून धावायचं. धावणाऱ्याचं नाव रनिंग बॅक. आपल्या मातीतली उपमा द्यायची तर हा कबड्डीतला चढाईपटू. सात जणांच्या कोंडाळ्यात एकट्याने शिरायचं आणि पकड होण्याआधी जितकं मिळेल तितकं पदरात पाडून घ्यायचं. फरक इतकाच की इथे समोर सात नव्हे, अकरा जण असतात. त्यातले आघाडीचे काही सव्वाशे-दीडशे किलोंचे, आणि रनिंग बॅकला पाडल्याशिवाय ते थांबत नाहीत.

एक मुसंडी जवळून पाहू. मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देतो. चढाईचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, तो घेऊन वळतो. तोवर रनिंग बॅकने निघता निघता पोटापुढे दोन्ही हातांची, एक वर आणि एक खाली, अशी फट तयार ठेवलेली असते. क्वार्टरबॅक त्या फटीत चेंडू ठेवतो आणि हात मिटतात. पुढे पाच धिप्पाड लाइनमन समोरच्यांना रेटत असतात. त्या रेटारेटीत कुठेतरी एक खिंड उघडते, पण ती क्षणभरच. ती दिसली, पाय तिकडे वळले आणि मागून कुणाचा हात पोचला नाही, तर पाच-सहा यार्ड मिळतात. खिंड उघडलीच नाही तर सुरुवातीच्या रेषेच्याही मागे आपटावं लागतं, आणि ते यार्ड हिशेबातून वजा होतात. तीन-चार सेकंदांचा हा मामला हंगामात तीनशे-चारशे वेळा होतो. विक्रमाची बेरीज या मुसंड्यांची असते.

हंगामात इतक्या मुसंड्या मारायला देणं हा एके काळी मोठाच गौरव समजला जाई. १९७८ मध्ये एनएफएलने साखळी सामन्यांची संख्या चौदावरून सोळा केली आणि नवख्यांच्या विक्रमाची जणू शर्यतच लागली. त्याच वर्षी ह्यूस्टन ऑइलर्सच्या अर्ल कॅम्पबेलने ३०२ मुसंड्यांत १,४५० यार्ड काढून आधीचा उच्चांक मागे टाकला. पुढच्याच वर्षी सेंट लुइस कार्डिनल्सच्या ओटिस अँडरसनने ३३१ मुसंड्यांत १,६०५ यार्ड केले. १९८१ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या जॉर्ज रॉजर्सच्या ३७८ मुसंड्या आणि १,६७४ यार्ड. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या एरिक डिकरसनच्या ३९० मुसंड्या आणि १,८०८ यार्ड. सहा हंगामांत विक्रम चारदा मोडला.

यातले मुसंड्यांचे आकडे ओळीने लावून पाहा: ३०२, ३३१, ३७८, ३९०. एका मुसंडीमागे मिळणारे यार्ड मात्र साडेचार-पावणेपाचच्या आसपासच रेंगाळले. म्हणजे धावणारे दर वर्षी अधिक वेगवान होत गेले असं नव्हतं. प्रशिक्षक त्यांना अधिकाधिक वेळा त्या गर्दीत पाठवत होते. कॅम्पबेलला अंगावर आलेल्याला चुकवण्यापेक्षा त्याला तुडवून पुढे जायला आवडे, आणि ऑइलर्सनी त्याच्या या स्वभावाचा पुरेपूर वापर करून घेतला. निवृत्तीनंतर गुडघे आणि पाठीने त्याच्याकडून त्याची वसुली केली. पुढे त्याला व्हीलचेअरचा आधार घ्यावा लागला.

या रांगेत डिकरसन दिसायलाही वेगळा होता. टेक्सासमधल्या सीली या छोट्या गावात वाढलेला, सहा फूट तीन इंच उंच. रनिंग बॅकने वाकून, खांदे खाली घालून धावावं, हा रिवाज. हा मात्र पाठीचा कणा ताठ ठेवून, लांब ढांगा टाकत निघे. दूरचं दिसत नसल्यामुळे हेल्मेटच्या आत नंबराचा जाड गॉगल. त्यात गळ्याभोवतीचं पॅडिंग आणि २९ नंबरची जर्सी. पाहणाऱ्याला वाटे, हा गडी जोर लावतोच आहे कुठे? पण त्याच्यामागे लागलेल्यांना अंतर काही कापता येत नसे.

१९८३ च्या निवड प्रक्रियेत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, क्वार्टरबॅक जॉन एल्वेच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर रॅम्सनी त्याला उचललं. प्रशिक्षक जॉन रॉबिन्सन नुकतेच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून आले होते. तिथे त्यांच्या हाताखाली चार्ल्स व्हाइट आणि मार्कस अॅलन या दोन रनिंग बॅकनी महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च हाइझमन पुरस्कार पटकावला होता. एकाच धावपटूला पुन:पुन्हा पुढे करायचं आणि त्याच्यासमोर भक्कम लाइन उभी करायची, हे रॉबिन्सन यांचं जुनं सूत्र. डिकरसन त्या सूत्रात चपखल बसला. पहिल्या हंगामात त्याच्या हातून तेरा वेळा चेंडू निसटला, आणि रनिंग बॅकच्या नावावर याहून मोठा डाग नाही. तरी रॉबिन्सन यांनी त्याला बसवलं नाही. सामन्यामागे सरासरी चोवीस मुसंड्या चालूच राहिल्या आणि त्यांतून अठरा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलपट्ट्यात नेण्याचे प्रसंग, आले.

दुसऱ्या वर्षी तर त्याने नवख्यांचा नव्हे, साऱ्या लीगचाच विक्रम गाठला. ओ. जे. सिम्पसनने १९७३ मध्ये चौदा सामन्यांत २,००३ यार्ड केले होते. ९ डिसेंबर १९८४ रोजी ह्यूस्टनविरुद्ध एकाच सामन्यात २१५ यार्ड काढून डिकरसन त्याच्या पुढे गेला आणि हंगामाअखेर २,१०५ वर थांबला. त्याला हे करायला सिम्पसनपेक्षा दोन सामने जास्त मिळाले, याची आठवण त्याचे टीकाकार आजही करून देतात. हे दोन्ही आकडे, १,८०८ आणि २,१०५, अजून उभे आहेत.

सहा वर्षांत चार वेळा मोडलेला विक्रम त्यानंतर इतका का टिकला? याचं एक कारण नियमांत आहे. १९७८ मध्येच लीगने बचावपटूंना चेंडू झेलायला धावणाऱ्यांशी पाच यार्डांपुढे धक्काबुक्की करण्यास मनाई केली आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात लांबवून समोरच्याला अडवायची मुभा दिली. फेकाफेकी सोपी झाली. बिल वॉल्श यांच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी छोट्या, नेमक्या फेकींवर अजिंक्यपदं मिळवून दाखवली आणि हळूहळू सारी लीग त्या वाटेने गेली. दुसरं कारण हिशेबी होतं. रनिंग बॅकचं शरीर झिजतं, तेव्हा एकाला वापरून संपवण्यापेक्षा दोघा-तिघांत काम वाटलेलं परवडतं, हे संघांना उमगलं. साखळी सामने २०२१ पासून सतरा झाले आहेत. सतरा सामन्यांत १,८०८ गाठायला सामन्यामागे साधारण १०६ यार्ड पुरतात, डिकरसनला ११३ लागले होते. तरी नवख्याला ३९० मुसंड्या देणारा प्रशिक्षक आज शोधून सापडणार नाही.

तरीही मधूनमधून कुणीतरी जवळ येतोच. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या आल्फ्रेड मॉरिसने १,६१३ यार्ड केले. ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, १७३ व्या क्रमांकावर निवडलेल्या या मुलाकडून कुणाची फार अपेक्षा नव्हती. १९९१ सालची जुनी माझदा गाडी घेऊन तो सरावाला यायचा आणि तिला लाडाने ‘बेंटली’ म्हणायचा. साखळीच्या शेवटच्या सामन्यात डॅलसविरुद्ध त्याने बरोब्बर २०० यार्ड काढले. माझदा त्याने पुढेही विकली नाही.

एलियटचं मात्र सगळंच वाजतगाजत झालं. ड्राफ्टमधली चौथी निवड, शिवाय संघ काउबॉइज, ज्याच्या बातम्या अमेरिकेत कधी शिळ्या होत नाहीत. त्याच्यासमोरच्या लाइनमधले टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन हे तिघेही पहिल्या फेरीत निवडलेले. पहिल्या सामन्यात न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध वीस मुसंड्यांत फक्त ५१ यार्ड मिळाले, तेव्हा कुजबुज झाली. ती फार टिकली नाही.

१३ नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये तो काय चीज आहे हे देशाने पाहिलं. सामन्यात आघाडी सतत इकडून तिकडे जात होती. बेचाळीस सेकंद उरले असताना पिट्सबर्गने हुलकावणी देऊन टचडाउन केला आणि काउबॉइज २९-३० असे मागे पडले. त्यांनी पटापट चेंडू पुढे नेला. गोलपट्टा बत्तीस यार्डांवर. आता काउबॉइज लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण घ्यायच्या बेतात असणार, असं सगळ्यांना वाटलं. चेंडू एलियटकडे गेला. लाइनने मधोमध भगदाड पाडलं आणि तो सरळ त्यातून गेला. नऊ सेकंद बाकी, ३५-३०. डिसेंबरात टॅम्पा बेविरुद्ध १५९ यार्ड काढताना टचडाउन केल्यावर त्याने गोलपट्ट्यामागे ठेवलेल्या सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेच्या अवाढव्य लाल दानपात्रात उडी मारली आणि आत बसून फक्त डोकं वर काढलं. पंचांनी पंधरा यार्डांचा दंड ठोठावला, आणि त्या संस्थेकडे ऑनलाइन देणग्यांचा ओघ लागला.

टॅम्पा बेविरुद्धचे १५९ हेच त्याचे त्या हंगामातले एका सामन्यातले सर्वाधिक यार्ड. फिलाडेल्फियात १७८ हवे होते. म्हणजे तो खेळला असता तरी विक्रम मोडणं अवघडच होतं. दुसरा हिशेब मात्र चाहत्यांना अजून सलतो. एलियटची सरासरी एका मुसंडीमागे पाच यार्डांहून थोडी जास्त होती. ३२२ ऐवजी डिकरसनइतक्या ३९० मुसंड्या मिळत्या, तर त्या गतीने तो १,९७० च्या पुढे गेला असता. अर्थात हे कागदावरचं गणित झालं; तीनशेव्या मुसंडीनंतरचे पाय पहिल्या मुसंडीसारखे राहत नाहीत.

राखून ठेवलेले पाय बाद फेरीत कामी आले, पण पुरले नाहीत. १५ जानेवारीला ग्रीन बेविरुद्ध एलियटने १२५ यार्ड काढले. सामना संपता संपता ग्रीन बेच्या मेसन क्रॉस्बीने ५१ यार्डांवरून लाथेने मारलेला चेंडू खांबांमधून गेला आणि काउबॉइज ३४-३१ असे हरले. विक्रमही नाही, अजिंक्यपदही नाही. त्यानंतरच्या आठ हंगामांत एकाही नवख्याला १,४०० यार्डांचा टप्पा गाठता आला नाही.

या नवख्यांपैकी एक होता सॅक्वॉन बार्कली. २०१८ मध्ये जायंट्सकडून पहिल्या वर्षी त्याने १,३०७ यार्ड केले. पुढे दुखापती झाल्या, करारावरून कुरबुरी झाल्या आणि २०२४ मध्ये तो ईगल्सकडे गेला. तिथे सोळा सामन्यांत २,००५ यार्ड झाले. डिकरसनचा दुसरा, २,१०५ चा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते. शेवटचा सामना ५ जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा रविवारी, त्याच लिंकन फायनान्शियल फील्डवर, आणि समोर त्याचा जुना संघ जायंट्स. आपला विक्रम मोडलेला आवडणार नाही, असं डिकरसनने उघडपणे सांगून टाकलं होतं. ईगल्सचं बाद फेरीतलं स्थान ठरून गेलेलं होतं. प्रशिक्षक निक सिरियानी यांनी बार्कलीला बसवलं.

ईगल्सने तो सामना त्याच्याशिवाय २०-१३ असा जिंकला. ९ फेब्रुवारीला, बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, त्यांनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. बाद फेरीतले यार्ड मिळवून त्याची वर्षाची बेरीज २,५०४ झाली. आजवर कुणीच एका वर्षात एवढे यार्ड धावलेलं नाही. पण बाद फेरीतल्या यार्डांची वही वेगळी असते, आणि साखळीच्या वहीत वरच्या ओळीला अजून डिकरसनचं नाव आहे.