बेडकांची निष्क्रियता व बंदिवासातील वर्तन

प्रतिकूल ऋतूत शरीराचे बहुतेक व्यवहार अतिशय मंद करून बेडूक जमिनीत किंवा आडोशाला जी दीर्घ विश्रांती घेतात, तिला निष्क्रियता (सुप्तावस्था) म्हणतात. थंडीमुळे येणारी ती शीतनिष्क्रियता आणि उष्णता व शुष्कता यांमुळे येणारी ती ग्रीष्मनिष्क्रियता होय. महाराष्ट्राच्या पठारी भागात दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे. घरात, शाळेत वा प्रयोगशाळेत ठेवलेल्या बेडकांतही ही प्रवृत्ती टिकून असते व तेथे ती ओळखण्यात नेहमी चूक होते. निष्क्रिय बेडूक मेला असे समजून टाकून दिला जातो. उलट आजारी बेडूक झोपला आहे असे समजून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. दुसरी चूक अधिक वेळा घडते.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठचा परिसर या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. गोदावरी खोऱ्यातील या भागात पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, मे महिन्यात तापमान ४०° से.च्या वर जाते आणि काळी चिकण जमीन वाळून आक्रसते व तिला खोल भेगा पडतात. वाळलेली काळी माती बेडकाला उकरता येत नाही. परंतु या भेगांच्या तळाशी ओल व गारवा टिकून असतो. भेक व भारतीय बैलबेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) अशा भेगा, बांधांतील बिळे, दगडांखालच्या पोकळ्या व विहिरींच्या कपारी यांचा आश्रय घेतात. स्फीरोथीका प्रजातीतील बेडूक मात्र स्वतः जमीन उकरतात. त्यांच्या मागील पायाच्या तळव्यावर फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती बाजूला सारीत बेडूक पाठीमागून खाली उतरत जातो व त्याचे डोके शेवटी दिसेनासे होते. पश्चिम भारतातील अशा बेडकांपैकी स्फीरोथीका पश्चिमा या जातीचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे कालव्यांमुळे शेतात बारमाही ओल राहते, तेथे काही बेडूक उन्हाळ्यातही हालचाल करताना दिसतात. यावरून ग्रीष्मनिष्क्रियता ही केवळ ऋतूवर नव्हे, तर पाण्याच्या उपलब्धतेवर अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या भागाच्या व मांड्यांच्या त्वचेतून तो ते शोषून घेतो आणि त्याच त्वचेतून त्याचे पाणी उडूनही जाते. त्यामुळे निष्क्रियता ही मुख्यतः पाणी राखण्याची व्यवस्था आहे. पावसाळ्याच्या अखेरीस भरपूर खाऊन बेडूक जननग्रंथींजवळच्या बोटांसारख्या मेदपिंडांत चरबी साठवितो, आतडे रिकामे करतो व मूत्राशयात विरल मूत्र भरून घेतो. हे मूत्र टाकाऊ नसते. शरीर कोरडे पडू लागले की, त्यातील पाणी पुन्हा रक्तात घेतले जाते. काही मरुभूमीय जातींत असा साठा शरीराच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. चयापचय (शरीरात सतत घडणाऱ्या रासायनिक घडामोडी) नेहमीच्या विश्रांतीच्या निम्म्याहूनही खाली येतो, फुप्फुसांचे श्वसन विरळ होते व रक्तात यूरियाचे प्रमाण वाढते. या यूरियामुळे ओलसर मातीतील पाणी शरीराकडे ओढले जाण्यास मदत होते. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील काही बेडूक त्वचेचे थर एकावर एक न टाकता तसेच अंगावर राहू देतात. त्यांचा कोश बनून बाष्पीभवन फारच घटते. उत्तर अमेरिकेतील वनबेडूक हिवाळ्यात गोठतो व त्याच्या शरीरातील निम्म्याहून अधिक पाण्याचे बर्फ होते. पेशी मात्र ग्लुकोजामुळे वाचतात. आपल्याकडील बेडकांत ही क्षमता नाही, म्हणून त्यांना शीतकपाटात ठेवून ‘झोपविण्याचा’ प्रयोग घातक ठरतो.

वर्षभर न दिसणारे बेडूक पहिल्या पावसाबरोबर एकाएकी प्रकट होतात, हे प्राचीनांच्याही लक्षात आले होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात दीर्घ मौनानंतर पर्जन्याने जागे होणाऱ्या बेडकांचे वर्णन आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्याच्या टीकेत वाचस्पतिमिश्रांनी, मातीत मिसळून गेलेला बेडकाचा देह मेघांच्या पाण्याने पुन्हा बेडूक होतो, हा दृष्टांत घेतला आहे. निरीक्षण अचूक होते. देह मातीत मिसळतो हा तर्क तेवढा चुकला.

कोकणाप्रमाणे मराठवाड्यातही आढळणारा ठिपकेदार झाडबेडूक (पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस) पाहुणा म्हणून आपण होऊन घरात येतो. उन्हाळ्यात न्हाणीघर, रांजणामागची भिंत किंवा चौकटीची फट अशा ठिकाणी तो हातपाय अंगाखाली घेऊन, फिकट पडून दिवसेंदिवस बसतो. तो मधूनमधून पायांनी सर्वांग पुसतो. घरातील माणसांना ती खाज वाटते. बनारस हिंदू विद्यापीठातील व अमेरिकेतील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखविले की, त्वचेतून पाझरणारे स्निग्ध पदार्थ व श्लेष्म तो अशा रीतीने अंगभर पसरवितो व त्यामुळे पाणी कमी उडते. अशा बेडकाला हलवू नये, तसेच दया म्हणून त्याला बादलीतही टाकू नये.

बंदिवासात वरील सर्व पूर्वतयारी क्वचितच घडते. काचपेटीत ओल, प्रकाश व तापमान बहुधा सारखे असते. बेडूक तेथे निष्क्रिय झाला, तर त्याचे कारण शोधले पाहिजे. पेटीतील माती वाळली असेल, खोली तापली वा फार गार झाली असेल, तर बेडूक पुरेसा साठा नसतानाही खाणे सोडून मातीत शिरतो. अशी अवस्था लांबल्यास तो उपाशी मरतो. म्हणून केवळ निश्चलता पाहून निष्कर्ष काढणे योग्य नाही. खऱ्या निष्क्रियतेत अंग भरलेले, पाय अंगाशी घट्ट आवळलेले व डोळे मिटलेले असतात. वजन आठवड्यागणिक अगदी थोडे घटते. उताणा केल्यास बेडूक सावकाश का होईना, पण स्वतः पालथा होतो. पाय सैल लोंबणे, उताणा केल्यावर तसाच पडून राहणे, त्वचेच्या सुरकुत्या, खोल गेलेले डोळे, पोटाखाली व मांड्यांवर लाली, झटके येणे यांपैकी काहीही दिसल्यास ते आजाराचे लक्षण मानावे. लाली हे सूक्ष्मजंतुसंसर्गाचे, तर त्वचेचे वारंवार व फाटके पापुद्रे निघणे हे १९९९ मध्ये नामकरण झालेल्या बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस या कवकाच्या संसर्गाचे चिन्ह असू शकते. जगातील अनेक जाती या कवकाने नष्ट केल्या असून पश्चिम घाटातील बेडकांवरही ते आढळले आहे. झटके येण्यामागे कॅल्शियमाची उणीव असू शकते. कित्येकदा मात्र लहान भांड्यातील न बदललेले पाणी हेच कारण असते, कारण विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया त्वचेतून सरळ रक्तात जातो.

कोरड्या पडलेल्या बेडकाला पोट भिजेल इतक्याच उथळ पाण्यात बसवितात. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवल्याने त्यातील क्लोरीन निघून जातो. निष्क्रिय किंवा थंडीने मंदावलेल्या बेडकाच्या तोंडात भक्ष्य कोंबू नये. ते न पचता पोटात कुजते.

काही वर्तन विचित्र दिसले, तरी निसर्गक्रमाचे असते. कात टाकताना बेडूक पाठ वाकवून तोंड पुनःपुन्हा उघडतो व निघालेली त्वचा गिळून टाकतो. हा आचका किंवा ओकारी नव्हे. घास गिळताना डोळे आत ओढले जाऊन ते घास मागे ढकलण्यास मदत करतात. अपायकारक भक्ष्य गिळले गेल्यास काही बेडूक जठरच उलटे करून तोंडाबाहेर काढतात व पायाने पुसून घेतात. भेक अंग फुगवून पाय ताठ करतो तो सापाला मोठे दिसण्यासाठी. नराला काखेत धरले असता तो तुटक आवाज काढतो. चुकून आपल्याला पकडणाऱ्या दुसऱ्या नराला दिलेला तो इशारा असतो.

भैकेरांचे (बेडकांच्या डिंभांचे) रूपांतर वर्गात दाखविण्याचा परिपाठ चांगला असला, तरी रानातील बेडूक पकडून बाळगण्यावर वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे निर्बंध आहेत. बैलबेडकाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८५ पासून नियंत्रित आहे व बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. शहरांत विकले जाणारे परदेशी शृंगी बेडूक व आफ्रिकी नखी बेडूक कंटाळा आला म्हणून ओढ्यात वा तळ्यात सोडणे सर्वांत हानिकारक होय. नखी बेडकांच्या अंगावर वरील कवक कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकते.