निळ्या जॅकेटाचा काठ

साडीच्या दुकानात मराठी बाई आधी पदर उलगडून पाहते आणि मग काठ. धोतरजोडी घेणारे आपले आजोबाही काठ बोटांत धरून पाहत. ही घरची सवय अमेरिकेत उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. पण येथल्या तरुण मंडळींत जपानी ‘सेल्व्हेज’ कापडाचे कामगारी जॅकेट ही हौसेची वस्तू झाली आहे, आणि सेल्व्हेज म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला काठच! आमच्याही घरी असे एक निळे जॅकेट आले. खिसे तीन, अस्तर नाही, किंमत तीनशे डॉलरच्या घरात. ‘सेल्व्हेज शॅम्ब्रे आहे, बाबा,’ एवढे सांगून चिरंजीवांनी विषय संपवला. इंजिनिअर माणसाचे एवढ्यावर भागत नाही. तीनशे डॉलर नेमके कशाचे, हे समजून घ्यावे म्हणून थोडा खोलात शिरलो.

आधी कापडाविषयी. शॅम्ब्रे हे नाव फ्रान्समधल्या कांब्रे गावावरून आले. ह्यात ताणा, म्हणजे उभे धागे, रंगीत, बहुधा निळे; बाणा, म्हणजे आडवे धागे, पांढरे; आणि वीण अगदी साधी, एक धागा वर, एक खाली. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, हीच युक्ती आपल्या धूपछाव साडीत असते. डेनिममध्येही ताणा निळा आणि बाणा पांढराच, पण वीण तिरकी. म्हणून ओळखायची खूण सोपी आहे: कापड उलटे करा. डेनिमची मागची बाजू पांढरट दिसते, शॅम्ब्रेच्या दोन्ही बाजू सारख्या.

अमेरिकेत हे कष्टकऱ्यांचे कापड. कारखान्यात काम करणाऱ्यांना ‘ब्लू कॉलर’ म्हणतात ते अशाच निळ्या सदऱ्यांवरून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाचे खलाशी शॅम्ब्रेचा सदरा आणि डेनिमची विजार घालून काम करत. त्या पोशाखाला ते ‘डंगरी’ म्हणत. ह्या शब्दाची नाळ शब्दकोशकार हिंदुस्थानातल्या डुंगरी नावाच्या जाड्याभरड्या कापडाशी जोडतात, आणि त्या कापडाचे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले असे सांगितले जाते. तेव्हा हे जॅकेट आपल्याला अगदीच परके नाही!

आता काठाकडे वळू. जुन्या मागावर बाण्याच्या सुताची कांडी लाकडी धोट्यात बसवलेली असते. ताण्याचे धागे वर-खाली होऊन जी फट पडते तिच्यातून धोटा पलीकडे जातो, आणि पुढच्या फटीतून परत येतो. धागा तुटत नाही, कडेला वळसा घेऊन मागे फिरतो. ह्या वळशांनीच काठ बांधला जातो आणि तो उसवत नाही. नव्या मागांवर धोटा नसतो. हवेचा झोत किंवा छोटी पकड प्रत्येक धागा पलीकडे नेते आणि धागा कापला जातो. कडेला झालर राहते. शिवताना ती ओव्हरलॉक करावी लागते.

मग धोटा गेला का? हिशेब पाहा. ग्रॅमच्या अंशाएवढ्या वजनाचा एक धागा टाकण्यासाठी चार-पाचशे ग्रॅमचा ठोकळा सेकंदाला दोन-तीनदा फेकायचा आणि लगेच थांबवायचा. जवळजवळ सगळी शक्ती वाया जाते आणि वर कानठळ्या बसवणारा आवाज. हवेच्या झोताचा माग कित्येक पट वेगाने चालतो आणि पन्हाही जवळजवळ दुप्पट देतो. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो येथे कोन मिल्सची १९०५ सालची व्हाइट ओक गिरणी होती. तेथे ड्रेपर कंपनीच्या मागांवर काठाचे डेनिम निघे, आणि लीव्हायच्या कापडाच्या काठात खुणेचा लाल धागा असे. २०१७ च्या अखेरीस ती गिरणी बंद झाली.

हेच ड्रेपरचे माग जपान्यांनी उचलून नेले, अशी एक कथा हौशी लोक रंगवून सांगतात. ती खरी नाही. जपानकडे स्वतःचे उत्तम माग होते. साकिची टोयोडा ह्यांचा ‘जी’ नमुन्याचा स्वयंचलित माग १९२४ सालचा. सूत संपत आले की चालत्या मागावर धोटा आपोआप बदले, आणि धागा तुटला तर माग स्वतः थांबे. त्यामुळे एक कामगार अनेक माग सांभाळू शके. १९२९ मध्ये ह्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १ लाख पौंडांना घेतले. म्हणजे लँकेशायरने जपानकडून माग शिकावा अशी वेळ आली! ह्याच घराण्याने १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी काढली. चूक दिसताच थांबायचे, वाईट माल पुढे ढकलायचा नाही, हे तत्त्व मोटारीच्या कारखान्यात गेले आणि तेथून आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही आले.

एवढे कळल्यावर मला आठवले ते इचलकरंजी. तेथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे ह्यांचे उद्योगाला प्रोत्साहन होते. तेथल्या साध्या मागांवर आजही धोटाच धावतो, म्हणजे निघणारे कापड काठाचेच, व्याख्येने ‘सेल्व्हेज’! मग त्याला तीनशे डॉलर का मिळत नाहीत?

उत्तर काठात नाही. जपानी गिरणीने जुन्या संथ मागाला साजेसे, मुद्दाम थोडे चढउताराचे सूत निवडले. संथ मागावर ताण कमी ठेवता येतो, म्हणून तो चढउतार कापडात उतरतो. नीळ अशी चढवली की धाग्याचा गाभा पांढरा राहावा आणि कापड वापरणाऱ्याच्या अंगावर विटत जावे. आणि कापडावर विणणाऱ्याचे नाव राहिले. इचलकरंजीचा खर्चीवाला मागधारक व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मजुरीने विणतो. कोरे कापड रंगायला दुसरीकडे जाते, आणि कोणी विणले हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. माग जवळपास तोच, पण एकाची किंमत संग्रहातल्या वस्तूची आणि दुसऱ्याचा माग भंगाराच्या भावात.

तेव्हा काठ हा गुणाचा पुरावा नव्हे, पद्धतीचा पुरावा आहे. धोट्यावर वाईट कापडही विणता येते आणि बिनधोट्याच्या मागावर उत्तमही. घरी मुलांनी असे जॅकेट आणले तर किमतीवरून वाद घालण्याआधी ते उलटे करून शिवण पाहा, रंग पाहा, सूत बोटांत धरून पाहा. आणि पुढच्या भारतभेटीत एखाद्या यंत्रमागाच्या गावी जाणे झाले, तर कापड कोणी विणले एवढे तरी जरूर विचारा. विणणाऱ्याचे नाव विचारणारे गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटते.