दारातला टोमॅटो : कोणता लावायचा आणि कशासाठी?

आरोग्य शिबिरात रक्त तपासून हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला, की वस्तीतल्या भगिनी आम्हाला हमखास विचारतात, "सिस्टर, टमाटे खाल्ल्यावर रक्त वाढतं ना? लाल असतात ते." बिटाबद्दलही हाच प्रश्न येतो. म्हणून आधीच सांगतो, टोमॅटो लाल असतो तो लायकोपिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. रक्त लाल असते ते लोहयुक्त हिमोग्लोबिनमुळे. रंग एक असला तरी वस्तू वेगळ्या आहेत. टोमॅटोत लोह अगदी थोडे असते. नुसते टोमॅटो खाऊन आठवर असलेले हिमोग्लोबिन बारावर जात नाही.

तरीही या अंकात आम्ही टोमॅटोवरच लिहीत आहोत, आणि तो प्रत्येकीने दारात लावावा असे आमचे म्हणणे आहे. त्याचे कारण समजून घेऊ.

बाजरीची भाकरी, हरभरा, मटकी, मेथी, शेपू या आपल्या रोजच्या अन्नात लोह असते. पण वनस्पतीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही, बरेचसे तसेच बाहेर पडते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर हे लोह अधिक प्रमाणात रक्तात उतरते. क जीवनसत्त्व लिंबात, पेरूत, आवळ्यात आणि टोमॅटोतही असते. शंभर ग्रॅम टोमॅटोत ते साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम मिळते. म्हणजे टोमॅटो स्वतः रक्त देत नाही, पण भाकरीतले लोह रक्तापर्यंत पोहोचवायला मदत करतो. आणि जेवणावर लगेच चहा घेतला की नेमके उलटे होते. चहा लोहाला अडवतो. जेवण आणि चहा यांत किमान तासभर अंतर ठेवावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के महिलांत रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण 68.9 टक्के होते. दोन बायांमागे एक बाई आणि तीन लेकरांमागे दोन लेकरे, असा याचा सरळ अर्थ होतो.

तोडायला आपण, खायला कोण?

आपला अहिल्यानगर जिल्हा टोमॅटोचा जिल्हा आहे. संगमनेर, अकोले या भागात टोमॅटोचे मळेच्या मळे आहेत. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी भगिनी तिथे तोडणीला जातात. दिवसभर वीस-वीस किलोचे कॅरेट भरतात. पण संध्याकाळी घरच्या पातेल्यात टोमॅटो पडतोच असे नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा आमच्या ओळखीच्या अनेक घरांतून तो साफ गायब झाला. पुढे महिना-दीड महिन्यात भाव असे कोसळले की शेतकऱ्याचा तोडणीचा खर्च निघेना. भाव चढला तर आपल्या ताटातून टोमॅटो जातो आणि भाव पडला तर आपली मजुरी जाते. भाव आपल्या हातात नाही. दारातले एक रोप मात्र आपल्या हातात आहे.

"आम्हाला जमीन कुठाय?" हा प्रश्न बरोबर आहे. जमिनीसाठी आपल्या समाजाने सत्याग्रह केले, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तुरुंगही भरले. तो प्रश्न बादलीतल्या रोपाने सुटत नाही, आणि तो सुटतो असे आम्ही म्हणणारही नाही. पण लेकराच्या ताटात आज काय पडते, हा प्रश्न तोवर थांबत नाही.

कोणते वाण कसे वागते?

गेल्या काही हंगामांत आम्ही आणि वस्तीतल्या काही भगिनींनी तेलाच्या डब्यांत, बादल्यांत आणि गोण्यांत वेगवेगळे टोमॅटो लावून पाहिले. हा काही प्रयोगशाळेतला अभ्यास नव्हे. ऊन तेच, पाणी तेच, हात तेच, फक्त वाण वेगळे, एवढेच आम्ही पाळले. त्यातून आणि कृषी विद्यापीठाच्या माहितीतून जे कळले ते असे.

*पुसा रुबी.* दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे हे जुने वाण. फळ थोडे चपटे, अंगावर हलक्या रेघा, साल पातळ आणि चव आंबट. आमटीला, साराला, चटणीला हे उत्तम. लागवडीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत फळ हाती येते. मात्र पिकलेले फळ फार टिकत नाही, आज तोडले की उद्या-परवा वापरावे लागते. पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या चुरडा-मुरडा रोगाला ते लवकर बळी पडते. आमच्याकडे सर्वांत आधी पाने आकसली ती याचीच.

*धनश्री आणि भाग्यश्री.* ही दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सरळ वाणे. धनश्रीचे फळ मध्यम, गोल आणि नारिंगी छटेचे. चुरडा-मुरडा रोगाला ते कमी बळी पडते. भाग्यश्रीचे फळ लालभडक, गर भरपूर, बिया कमी आणि लायकोपिन जास्त. शिजवून खायचे असेल तर भाग्यश्री घ्यावे. ज्या घरात एकच डबा ठेवायला जागा आहे आणि रोपाकडे फार लक्ष देणे जमत नाही, तिथे आम्ही धनश्री सुचवतो.

*संकरित वाणे.* राहुरीचे फुले राजा, बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि खासगी कंपन्यांची अनेक वाणे यात येतात. फळे एकसारखी येतात, साल जाड असते, आठ-दहा दिवस टिकतात. अर्का रक्षक हे चुरडा-मुरडा, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना तोंड देते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाजाराची बरीच संकरित वाणे लांबच्या प्रवासासाठी तयार केलेली असतात, त्यामुळे चव बेताची लागते. आणि दुसरी गोष्ट आम्ही चुकून शिकलो. एका संकरित झाडाची सुंदर फळे पाहून आम्ही त्याचे बी धरले आणि हौसेने सगळ्यांना वाटले. पुढच्या हंगामात कुणाचे फळ लहान, कुणाचे वेडेवाकडे, कुणाच्या झाडाला धड फळच नाही. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत तसेच उतरत नाही. ते दर वेळी विकत आणावे लागते.

*बारीक गावरान टोमॅटो.* मोरीच्या कडेला, उकिरड्यावर आपोआप उगवणारा, बोराएवढ्या फळांचा टोमॅटो आपण तण म्हणून उपटतो. तो उपटू नका. मोठ्या फळांच्या झाडांची फुले उन्हाळ्यात गळत होती, तेव्हाही याला थोडी थोडी फळे येत राहिली. लेकरे येता-जाता तोंडात टाकतात, वेगळे वाढावे लागत नाही. फक्त ते रोप गटाराच्या कडेला असेल तर उचलून स्वच्छ मातीत लावा. गटाराच्या पाण्यावरचे फळ कच्चे खाऊ नये.

आता निवड कशी करावी? दर वर्षी बी विकत घ्यायचे नसेल तर धनश्री, भाग्यश्री किंवा पुसा रुबी. मागच्या वर्षी रोगाने झाड गेले असेल तर धनश्री किंवा अर्का रक्षक. आठवड्यातून एकदाच तोडणे जमत असेल तर संकरित. आणि घरात लहान लेकरे असतील तर कडेला एक बारीक गावरान असावाच. बी-रोपाची चौकशी राहुरी विद्यापीठात किंवा बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांत करावी.

डब्यात लावताना

पंधरा लिटरच्या डब्यात एकच रोप लावावे. दोन लावली की दोन्ही उपाशी राहतात. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नये. डब्याच्या तळाला चार-पाच भोके पाडा. निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरा. रोप 21 ते 25 दिवसांचे झाले की संध्याकाळी लावा. सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. पण पत्र्याच्या छतावर डबा ठेवू नका, दुपारी मुळे भाजतात. बांबूचा किंवा जुन्या काठीचा आधार द्या.

आपल्याकडे जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी अशा तीन वेळा बी टाकता येते. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर धरावा. थंडीत फळ चांगले धरते. पारा 35 अंशांच्या वर चढू लागला की फुले गळतात, त्याला आपला इलाज नाही.

पाणी रोज थोडे पण नेमाने द्यावे. टँकरच्या वस्तीत हे अवघड असते, म्हणून तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी राखून ठेवावे. एक दिवस बदाबदा आणि चार दिवस कोरडे असे झाले, की फळाचा बुडखा काळा पडतो. तो रोग नसतो. पाण्याच्या ओढाताणीत फळापर्यंत चुना म्हणजे कॅल्शियम पोहोचत नाही, म्हणून तसे होते. डब्याखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

पाने आकसून गोळा झाली तर ते रोप उपटून लांब टाका, ते बरे होत नाही. पांढरी माशी दिसू लागताच पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

बी धरणे

सरळ वाणाच्या निरोगी झाडावरचे दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले पूर्ण पिकलेले फळ निवडा. बियांचा गर पेल्यात दोन-तीन दिवस ठेवा, फेस आला की धुऊन सावलीत वाळवा आणि कोरड्या बाटलीत भरा. नीट ठेवलेले बी तीन-चार वर्षे उगवते. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसबागेतून गावरान बियाण्यांची बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी भगिनीला 2020 चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. आपल्या घरी पिकलेले बी शेजारणीला द्यायला पैसे लागत नाहीत. रविवारी विहारात जमतो तेव्हा एका कागदाच्या पुडीत दहा बिया, वाणाचे नाव आणि तारीख लिहून आणल्या तरी पुरे.

काही शंका

*टोमॅटोचा विषाणू माणसाला होतो का?* मे 2020 मध्ये आपल्या भागातल्या टोमॅटोच्या फळांवर पिवळे चट्टे पडले. त्याला 'तिरंगा व्हायरस' म्हणू लागले, आणि करोनाच्या त्या दिवसांत लोकांनी घाबरून टोमॅटो खाणेच सोडले. बंगळुरूच्या संस्थेने नमुने तपासले तेव्हा प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. वनस्पतींचे असे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत. त्या अफवेने शेतकरी बुडाला आणि तोडणीची मजुरीही बुडाली.

*मुतखडा होतो का?* टोमॅटोत ऑक्झलेट फार कमी असते. मुतखडा असलेल्यांनीही सरसकट टोमॅटो सोडण्याचे कारण नाही. मात्र मूत्रपिंड निकामी होत आलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावा, कारण त्यात पोटॅशियम असते. छातीत जळजळ होत असेल तर रात्री कच्चा टोमॅटो टाळावा.

*कच्चा की शिजवलेला?* दोन्ही. क जीवनसत्त्व शिजवताना कमी होते, म्हणून बाजरीच्या भाकरीसोबत कच्च्या फोडी किंवा कोशिंबीर. लायकोपिन मात्र तेलात शिजवल्यावर शरीराला जास्त मिळते, म्हणून आमटी-चटणीही चांगली. झाडाची पाने खाऊ नयेत.

तोडणीला जाणाऱ्या भगिनींना एक विनंती. फवारणी कधी झाली ते मुकादमाला विचारा. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरी सोडू नका, आणि घरी आल्यावर कपडे बदलूनच लेकराला जवळ घ्या.

शेवटी, ज्यांचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली आहे, गरोदरपणी अकराच्या खाली आहे, त्यांनी टोमॅटोवर विसंबून राहू नये. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गरोदरपणी त्या 180 दिवस रोज घ्यायच्या असतात. गोळीने शौच काळी होते, त्याने घाबरून गोळी सोडू नका. सातच्या खाली आकडा असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाकी सगळ्यांनी गोळीसोबत भाकरी, भाकरीसोबत उसळ आणि उसळीसोबत दारातला एक टोमॅटो, एवढे धरून ठेवा. पुढच्या शिबिरात आकडा पुन्हा पाहू.