नोकरी सोडायची की अप-डाउन? राजीनाम्याआधी मनमाडकरांनी पाहायच्या काही तारखा

सकाळी सहाच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेस मनमाडहून निघते, तेव्हा तिच्यात नाशिकला कामाला जाणारे पासधारक असतात. मनमाड ते नाशिकरोड रेल्वेने सुमारे 73 किलोमीटर. पुढे सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीपर्यंत बस नाहीतर रिक्षा. संध्याकाळी हाच प्रवास उलटा. काही वर्षं असं अप-डाउन केलं की डोक्यात येतंच, सोडून द्यावी का ही नोकरी?

आधी पाहायचं ते हे, की वैताग नोकरीचा आहे की गाडीचा. शक्य असेल तर पंधरा दिवस नाशिकमध्येच नातेवाइकाकडे किंवा मित्राच्या खोलीवर राहून तेच काम करून पाहावं. झोप पुरी झाल्यावर काम बरं वाटलं, तर शिफ्ट बदलून मागणं किंवा घर हलवणं हा राजीनाम्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. तरीही कामावर जायच्या विचारानं पोटात गोळा येत असेल, तर कारण गाडी नाही. पगार महिनोन् महिने थकतोय, पीएफ कापला जातो पण पासबुकात दिसत नाही, किंवा सुरक्षेची साधनं न देता मशीनवर उभं करतात, अशा ठिकाणी मात्र फार वाट पाहू नये. लगेच दुसरी जागा शोधायला लागावं.

सोडायचं ठरलं, की नेमणूकपत्र काढून रुजू झाल्याची तारीख बघावी. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी साधारण 5 वर्षांची सलग सेवा लागते. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. ही रक्कम महिना 20,000 असेल तर 5 वर्षांचे सुमारे 57,700 रुपये होतात. साडेचार वर्षांनी सोडलं तर सहसा काहीच नाही. (ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांचा नियम वेगळा आहे.)

पीएफ काढून घेण्याचा मोह इथेच होतो. 5 वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. नव्या कंपनीत खातं वर्ग केलं तर जुनी सेवा धरली जाते. ईपीएस पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते, आणि त्याआधी पेन्शनचे पैसे काढले तर तेवढी सेवा हिशेबातून जाते. लगेच दुसरी नोकरी नसेल तर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं.

गावातच, पुलांचे गर्डर बनवणाऱ्या रेल्वे कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी तर अर्जातला एक शब्दच महत्त्वाचा. 1 जानेवारी 2004 च्या आधी लागलेल्या, जुन्या पेन्शनमधल्या कर्मचाऱ्यानं 'राजीनामा' दिला तर आधीची सेवा बाद होते आणि पेन्शन जाते. 20 वर्षांची पात्र सेवा झालेल्याला 3 महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि तीत पेन्शन राहते. रागाच्या भरात, वरिष्ठांशी वाजल्यावर लिहिलेल्या अर्जात नेमका चुकीचा शब्द पडतो.

खासगी नोकरीत नोटीसचा काळ नेमणूकपत्रातच लिहिलेला असतो. तो न भरता गेल्यास शेवटच्या हिशेबातून पगार कापला जाऊ शकतो. निघताना अनुभवपत्र घ्यावं आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली का, हे मोबाइलवर बघून घ्यावं. ती भरली नसेल तर पुढच्या ठिकाणी खातं वर्ग करताना काम अडतं.